पिस्तूल घेऊन पळण्याचा खेळ: नियम, सामान आणि एकशे ऐंशी अंशांची रेघ

रविवारचा नेमबाज (डॅलसजवळ, टेक्सास)

गेल्या रविवारी आमच्या क्लबाच्या प्रॅक्टिकल नेमबाजीच्या मासिक स्पर्धेत मी दुसऱ्याच स्टेजवर (स्पर्धेच्या टप्प्यावर) बाद झालो. तीन वर्षे नियमाने खेळणाऱ्या माणसाने हे जाहीरपणे लिहावे की लिहू नये, यावर दोन दिवस विचार केला. पण या खेळाकडे वळू पाहणारे मराठी लोक मला अधूनमधून विचारणा करतात, आणि त्यांच्यातला जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न ‘कोणते पिस्तूल घेऊ?’ असाच विचारतो. बाद कशाने होतात, हे आजवर एकानेही विचारलेले नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑलिम्पिकमधली नेमबाजी एका जागी उभे राहून, ठरलेल्या अंतरावरच्या ठरलेल्या लक्ष्यावर केली जाते. प्रॅक्टिकल नेमबाजीत खेळाडू चालतो, पळतो, खिडकीतून वाकून पाहतो, पिंपाच्या आडून नेम धरतो, मध्येच मॅगझिन (पिस्तुलातली गोळ्यांची पेटी) बदलतो, आणि हे सारे घड्याळ चालू असताना. १९७६ साली मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष होते, आणि ‘अचूकता, ताकद, वेग’ या अर्थाचे तीन लॅटिन शब्द तिचे ब्रीद झाले. अमेरिकेत हा खेळ १९८४ पासून यूएसपीएसए या संस्थेच्या नियमपुस्तिकेप्रमाणे चालतो. क्लबाची स्पर्धा म्हणजे पाच-सहा स्टेज, दहा-बारा जणांच्या तुकड्या आणि बक्षिसाची रक्कम शून्य. आपली पाळी नसेल तेव्हा पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवरच्या भोकांना चिकटपट्ट्या लावायच्या, पडलेल्या लोखंडी पट्ट्या उभ्या करायच्या. हे काम टाळणाऱ्याला दुसऱ्यांदा कोणी आपल्या तुकडीत घेत नाही.

आता माझा अपराध. तिन्ही बाजूंनी मातीचे बांध आणि जमिनीवर लाल रंगाच्या लाकडी पट्ट्या ठोकून आखलेली हद्द, अशी ती स्टेज होती. उजवीकडच्या खिडकीतून सहा गोळ्या झाडून डावीकडच्या पिंपांपर्यंत आठ-नऊ पावले धावायचे, आणि त्या धावेतच मॅगझिन बदलायचे, असा माझा बेत होता. मी उजव्या हाताचा. डावीकडे धावताना शरीर डावीकडे वळते, आणि मॅगझिन बदलण्यासाठी पिस्तुलाची मूठ डाव्या हाताकडे कलली की नळीचे तोंड छातीच्या आणखी डावीकडे, म्हणजे मागच्या बाजूला वळते. रिकामे मॅगझिन जमिनीवर पडल्याचा आवाज आणि रेंज ऑफिसरची, म्हणजे पंचाची, ‘स्टॉप!’ ही आरोळी मला एकदमच ऐकू आली. बोट चापावर नव्हते आणि गोळी सुटली नाही. तरीही नळीने एकशे ऐंशी अंशांची रेघ ओलांडली होती, आणि नियमाप्रमाणे तेवढ्यावर त्या दिवसाचा खेळ संपतो.

ही रेघ म्हणजे काय? खेळाडूच्या जागेवरून, समोरच्या बांधाला समांतर अशी एक अदृश्य भिंत उभी आहे असे समजा. खेळाडू हलला की भिंतही त्याच्याबरोबर हलते. भिंतीच्या पुढे सारे रान मोकळे. मागे मात्र हातभर अंतरावर टाइमर धरलेला रेंज ऑफिसर, त्याच्यामागे गुण लिहिणारा आणि त्याच्यामागे सगळी तुकडी. पिस्तूल भरलेले आहे की रिकामे, हा प्रश्न इथे विचारलाच जात नाही.

प्रश्न विचारा, चुका दाखवा. विशेषतः रेंज ऑफिसरचे काम केलेले कोणी इथे असेल तर अवश्य लिहावे.

जर्सीकर

फार प्रांजळ लेखन. मी न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर आहे. कार्यालयातला एक अमेरिकन सहकारी दर महिन्याला अशा स्पर्धेला जातो आणि ‘माझे पिस्तूल वापर, तुझे स्वतःचे असण्याची गरज नाही’ असे म्हणून आग्रह करतो. गेलो तर काही अडचण येईल का? तसेच दोन संघटना असतील तर नियमही दोन का, हे कळले नाही.

टायमरवाली (फीनिक्स, ॲरिझोना)

जर्सीकर, आधी कायद्याचे बोलू, कारण तिथे चूक झाली तर ती स्पर्धेपुरती राहत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या कलम ९२२ प्रमाणे बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक आणि काडतुसे ‘ताब्यात ठेवण्यास’ मनाई आहे. ताबा म्हणजे मालकी नव्हे. सहकाऱ्याचे पिस्तूल अर्धा तास हातात घेतले तरी तो ताबाच ठरतो. याला काही अपवाद आहेत. त्यातला सर्वांना परिचित अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा मुदतीत असलेला शिकारीचा परवाना जवळ असणे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू होत नाही. मात्र ‘रेंजवाल्यांनी विचारले नाही’ हा बचाव होऊ शकत नाही, आणि ज्याचे ग्रीन कार्ड रांगेत अडकले आहे त्याने तर स्थलांतराच्या वकिलाला विचारल्याशिवाय पिस्तुलाला हातही लावू नये. शिवाय तुमच्या राज्याचे नियम वेगळे आहेत. न्यू जर्सीत पिस्तूल विकत घेण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि २०१८ पासून मॅगझिनमध्ये दहापेक्षा अधिक गोळ्यांची क्षमता चालत नाही. प्रेक्षक म्हणून जाण्यास मात्र कोणतीच आडकाठी नाही. जा, पाहा, चिकटपट्ट्या लावा.

दोन संघटनांविषयी: यूएसपीएसए हा आयपीएससीचाच अमेरिकेतला विभाग, पण क्लबांच्या स्पर्धा तो आपल्या स्वतंत्र पुस्तिकेप्रमाणे घेतो. सुरक्षेचा गाभा दोन्हीकडे सारखाच आहे. फरक आहे तो सामानाच्या मापांत आणि काही किरकोळ बाबींत.

आता धागाकर्त्यांनी बोलावलेच आहे म्हणून लिहिते. टाइमर हातात घेऊन माझी पाच वर्षे गेली. लोकांना वाटते की रेंज ऑफिसर लक्ष्याकडे पाहत असतो. गोळी कुठे लागली हे भोक सांगतेच, ते नंतरही पाहता येते. आमची नजर पिस्तुलावर आणि बोटावर खिळलेली असते. पळताना, मॅगझिन बदलताना, अडकलेली गोळी काढताना बोट चापाभोवतीच्या कडीच्या बाहेर, सरळ, स्लाइडला (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाला) टेकलेले दिसले पाहिजे. दिसले नाही तर नवख्याला मी एकदा ‘फिंगर!’ म्हणून ओरडते. ती सूचना आहे, सवलत नव्हे. अनेकदा ओरडण्याइतका वेळही मिळत नाही आणि थेट ‘स्टॉप’ म्हणावे लागते.

आज्ञा ठरलेल्या आहेत आणि त्या ठरलेल्या शब्दांतच दिल्या जातात. ‘मेक रेडी’ म्हटल्याशिवाय पिस्तूल होल्स्टरबाहेर, म्हणजे कमरेच्या म्यानाबाहेर, येत नाही. ‘आर यू रेडी?’ विचारल्यावर नकार आला नाही तर ‘स्टँडबाय’, आणि त्यानंतर एक ते चार सेकंदांत टाइमरची शिट्टी. हे अंतर मुद्दाम अनिश्चित ठेवलेले आहे, म्हणजे कोणी अंदाजाने हात हलवू नये. शेवटी ‘संपले असेल तर रिकामे करून दाखवा’ अशा अर्थाची आज्ञा येते: मॅगझिन बाहेर, चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीतली, गोळी बाहेर, स्लाइड मागे ओढून रिकामे चेंबर मला दाखवायचे. मग स्लाइड पुढे, नळी बांधाकडे ठेवून चाप एकदा ओढायचा आणि पिस्तूल होल्स्टरमध्ये. तो चाप ओढणे म्हणजे शेवटची चाचणी आहे. दोघांच्याही डोळ्यांना चुकून चेंबरमधली गोळी दिसली नसेल, तर ती बांधात जाते, पायात नाही. अर्थात तशी गोळी सुटली तरी खेळाडू बादच. पण तो दोन पायांवर घरी जातो.

बालेवाडी १०मी

मी पुण्याची, दहा मीटर एअर पिस्तूल खेळणारी. आमच्याकडे साठ गोळ्यांना पंचाहत्तर मिनिटे मिळतात आणि दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते. श्वास, चाप आणि नजर यांचा तो खेळ आहे. त्यामुळे हा धागा वाचताना मनात आलेली शंका स्पष्टपणे मांडते, राग नसावा. धावत्या माणसाच्या हातात भरलेले पिस्तूल द्यायचे, वर वेगाला गुण द्यायचे, आणि मग नळी थोडी वळली म्हणून त्याला घरी पाठवायचे, यात धोका आधी खेळानेच निर्माण केलेला नाही का? शिवाय वेगाला बक्षीस असेल तर नेम कोण धरणार?

रविवारचा नेमबाज

राग कसला? माझ्या आईचाही हाच प्रश्न आहे, फक्त तिचे शब्द अधिक कडक असतात.

नेमाचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागेल. आमच्याकडे गुणांना वेळेने भागतात. येणाऱ्या आकड्याला ‘हिट फॅक्टर’ म्हणतात. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर अ, क, ड असे विभाग असतात. अ विभागाला पाच गुण, क ला हलक्या काडतुसासाठी तीन आणि जड काडतुसासाठी चार, ड ला अनुक्रमे एक आणि दोन. लक्ष्य चुकले तर दहा गुण वजा, आणि ज्यावर गोळी झाडायची नाही अशा पांढऱ्या लक्ष्याला गोळी लागली तरी दहा वजा.

‘एल प्रेसिदेन्ते’ ही जुनी, सर्वांना ठाऊक असलेली कसोटी घेऊ. दहा यार्डांवर तीन लक्ष्ये. खेळाडू त्यांच्याकडे पाठ करून, मनगटे खांद्यांच्या वर धरून उभा. शिट्टी झाली की वळायचे, पिस्तूल काढायचे, प्रत्येकावर दोन गोळ्या, मॅगझिन बदल, पुन्हा प्रत्येकावर दोन. एकूण बारा गोळ्या, कमाल साठ गुण. समजा पहिल्याने बाराच्या बारा अ मध्ये मारल्या, पण दहा सेकंद घेतले: साठ भागिले दहा, म्हणजे ६. दुसऱ्याने हलक्या काडतुसाने आठ अ आणि चार क, आठ सेकंदांत: बावन्न भागिले आठ, म्हणजे ६.५. तो जिंकला. तिसरा घाईचा महामेरू, साडेसहा सेकंदांत संपवले. पण आठ अ, दोन क आणि दोन गोळ्या लक्ष्याबाहेर. त्याचे सेहेचाळीसातून वीस गेले, उरले सव्वीस, आणि हिट फॅक्टर ४. म्हणजे नेम तुम्हालाही धरावा लागतो आणि आम्हालाही. नेम ‘पुरेसा’ झाला हे किती लवकर ओळखता, एवढाच आमच्या खेळाचा निराळा भाग आहे.

याच कसोटीत एक बारीक गोष्ट आहे. शिट्टी झाल्यावर आधी पूर्ण वळायचे आणि मगच पिस्तूल बाहेर काढायचे. घाईने वळता वळता काढले की नळी रेघेच्या मागे असते. मोठमोठे लोक इथे बाद झालेले मी पाहिले आहेत.

टायमरवाली

‘धोका खेळानेच निर्माण केला’ हे म्हणणे मला मान्य आहे. म्हणूनच नियमांची रचना एकावर एक थरांची आहे. रेंज ‘थंड’ असते, म्हणजे रेंज ऑफिसर समोर नसताना कोणाचेही पिस्तूल भरलेले नसते. नळी रेघेच्या पुढे असते. बोट चापाबाहेर असते. नळी स्वतःच्या हातापायांवरूनही फिरू द्यायची नसते. गंभीर इजा व्हायची तर हे सारे थर एकाच क्षणी फाटावे लागतात. आम्ही एक थर फाटला की तिथेच खेळ थांबवतो. धागाकर्त्यांचे बोट बाहेर होते, म्हणजे त्यांचा बोटाचा थर शाबूत होता. तरी त्यांना बाद केले ते योग्यच केले.

सर्वाधिक वाईट वाटते ते स्टेजच्या बाहेर बाद होणाऱ्यांचे. रेंजवर ‘सेफ्टी एरिया’ नावाची एक जागा असते: एक टेबल, समोर बांध. तिथे रिकामे पिस्तूल पिशवीतून काढता येते, होल्स्टरमध्ये ठेवता येते, चाप ओढून पाहता येतो. पण तिथे काडतूस हाताळायचे नाही. सरावाची खोटी काडतुसेसुद्धा नाहीत. आमच्या राज्यात अनेक जण रोज कमरेला भरलेले पिस्तूल लावून फिरतात. असा मनुष्य स्पर्धेला येतो, नियम पाळावा म्हणून सेफ्टी एरियात जातो आणि तिथे पिस्तूल रिकामे करतो. हातात काडतूस आले, बाद! बिचाऱ्याने अजून नाव नोंदवायचे असते. योग्य मार्ग असा, की पिस्तुलाला हात न लावता रेंज ऑफिसरला गाठावे आणि त्याच्या देखरेखीखाली ते रिकामे करावे. तसेच पिस्तूल होल्स्टरमधून निसटून जमिनीवर पडले तर आपण उचलायचे नाही, ते रिकामे असले तरीही. ऑफिसरला बोलवा, तोच उचलेल, तपासेल आणि परत देईल. वाकून स्वतः उचलणे ही माणसाची सहजप्रवृत्ती आहे, आणि त्याच सहजप्रवृत्तीने तो बाद होतो.

एक अनुभव सांगते. माझ्या पहिल्या वर्षी मी मोठ्या गळ्याचा टी-शर्ट घालून खेळले. तिसऱ्या गोळीची रिकामी पुंगळी उडाली ती थेट गळ्यातून आत, आणि छातीपाशी अडकून बसली. पुंगळी नुकतीच नळीतून निघालेली, चुलीवरच्या सांडशीसारखी तापलेली. अशा वेळी दोन्ही हात आपोआप कपड्यांकडे जातात, आणि त्यातल्या एका हातात भरलेले पिस्तूल असते. माझ्या रेंज ऑफिसरने मागून ‘मझल!’ (नळी!) एवढेच म्हटले. मी नळी समोर ठेवून तशीच उभी राहिले, डोळ्यांत पाणी आले, आणि मग ‘स्टॉप’ची आज्ञा झाली. डाग अजून आहे. तेव्हापासून बंद गळ्याचा सदरा आणि पुढे झाप असलेली टोपी याशिवाय मी रेंजवर पाऊल टाकत नाही. टोपीची झाप उन्हासाठी नसते. पुंगळी चष्म्याच्या आत शिरू नये म्हणून असते.

सडेतोड

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु सामानाविषयी अजून एक शब्द नाही. पिस्तुलासकट किती खर्च येतो आणि काय काय लागते, हे कोणी सरळ सांगेल का?

रविवारचा नेमबाज

सरळ सांगतो. डोळ्यांना पॉलिकार्बोनेटचा चष्मा आणि कानांना संरक्षण, ही दोन्ही प्रेक्षकांनाही सक्तीची आहेत. लोखंडी लक्ष्यावर आपटलेल्या गोळीचे शिशाचे कण मागे उडतात, म्हणून त्या लक्ष्यांपासून किमान तेवीस फूट अंतर ठेवावे लागते; तरीही एखादा कण येतोच. माझ्या चष्म्यावर दोन ओरखडे आहेत आणि तो चष्मा मी जपून ठेवला आहे.

पिस्तूल नऊ मिलिमीटरचे, कोणत्याही नामांकित कंपनीचे, कारखान्यातून आले तसे. नवख्याने त्यात काही बदलू नये. होल्स्टर कडक प्लास्टिकचा, चाप पूर्ण झाकणारा आणि कमरेवर न हलणारा हवा; कापडाचा मऊ होल्स्टर पिस्तूल परत ठेवताना आत दुमडतो आणि दुमडलेली घडी चापात शिरू शकते. बोटाने कळ दाबल्यावर सुटणारे होल्स्टर अनेक क्लब चालवून घेत नाहीत, कारण पिस्तूल वर येताना तेच दाबणारे बोट चापावर उतरते. पट्टा दुहेरी मिळतो: आतला पट्टा पँटच्या लूपमधून आणि बाहेरचा त्यावर चिकटणारा. मॅगझिने चार-पाच आणि त्यांचे कप्पे. बूट पकड असलेले, कारण पावसानंतर बांधाजवळ चिखल असतो.

सामानावरून खेळाडूंचे गट पडतात, त्यांना ‘डिव्हिजन’ म्हणतात. ‘ओपन’मध्ये जवळजवळ काहीही चालते; ‘कॅरी ऑप्टिक्स’मध्ये साधे पिस्तूल आणि त्यावर लाल ठिपक्याची दुर्बीण, मॅगझिनची लांबी १४१.२५ मिलिमीटरच्या आत. ‘प्रॉडक्शन’मध्ये लोखंडी नेमकाटे (नेम धरायच्या पिस्तुलावरच्या खुणा). हल्ली सर्वाधिक गर्दी कॅरी ऑप्टिक्समध्ये दिसते. चाळिशीनंतर पुढचा नेमकाटा धूसर होतो, लाल ठिपका होत नाही. माझेही कारण हेच आहे. खर्चाचे म्हणाल तर पिस्तूल एकदाच घ्यावे लागते, गोळ्या दर महिन्याला. एका स्पर्धेला दीडशेच्या आसपास गोळ्या लागतात आणि सरावाच्या वेगळ्या.

लोहारकाम (ओहायो)

गोळ्यांचा विषय निघाला, म्हणजे आता मला बोलणे भाग आहे. मी काडतुसे घरी भरतो. रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, साफ करायच्या, मग यंत्रावर नवी प्रायमर टोपी (दारू पेटवणारी), मोजून बंदुकीची दारू आणि वर गोळी बसवायची. त्यात बचत आहे, पण माझे मुख्य कारण आपल्या पिस्तुलाला मानवेल तेवढीच दारू भरता येते हे आहे.

हलके आणि जड काडतूस हा भेद वर आलाच आहे. त्याचे गणित असे: गोळीचे वजन ग्रेन या छोट्या मापात, वेग सेकंदाला फुटांत, गुणाकार करून हजाराने भागायचे, याला ‘पॉवर फॅक्टर’ म्हणतात. हलक्या काडतुसाला किमान १२५ लागतो. १४७ ग्रेनची गोळी ९०० फुटांनी गेली तर १३२.३ येतो, म्हणजे चालते. ११५ ग्रेनची १०८० फुटांनी गेली तर १२४.२, म्हणजे मोठ्या स्पर्धेत वेगमापकावर नापास. पुढे खेळता येते, गुण मात्र मिळत नाहीत. कमी धक्क्याच्या लोभाने दारू काठावर भरणारे थंडीच्या सकाळी असे फसतात.

पण दारू कमी पडण्यातला खरा धोका वेगळाच आहे. पुंगळीत दारू पडलीच नाही आणि नुसती प्रायमर टोपी पेटली, तर ती गोळीला ढकलून नळीत नेऊन अडकवते. याला स्क्विब म्हणतात. आपल्या भाषेत फुसका बार. दोन वर्षांपूर्वी माझ्या तुकडीतला एक खेळाडू धडाधड गोळ्या झाडत असताना मध्येच ‘ठाप्’ असा दबका आवाज आला. कानावर संरक्षण असले तरी फरक कळतो, बाटलीचे बूच निघावे तसा. स्लाइड मागे आली नाही. त्याचा हात सवयीने स्लाइड ओढायला गेलादेखील, नवी गोळी चेंबरमध्ये चढली, आणि तेवढ्यात रेंज ऑफिसर जिवाच्या आकांताने ‘स्टॉप’ ओरडला. नंतर पितळी सळई घालून पाहिले तर नळीत इंचभर आत गोळी बसलेली होती. पुढचा चाप ओढला गेला असता तर नळी हातात फुटली असती. ती काडतुसे त्याने स्वतःच भरलेली होती. यंत्र चालू असताना फोन आला म्हणून तो उठला आणि परत येऊन जिथे होता तिथून पुढे चालू लागला, असे तो स्वतः म्हणाला. मी यंत्राच्या खोलीत फोन नेत नाही आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोळ्यांनी पाहतो.

नियमाचे म्हणाल तर ऑफिसरने स्क्विबच्या शंकेने थांबवले आणि नळी मोकळी निघाली, तर स्टेज पुन्हा खेळायला मिळते. खरोखर अडकलेली निघाली तर जेवढे झाले तेवढेच गुण. शंका आली की निर्धास्तपणे थांबवता यावे, अशी ही तरतूद आहे.

आणखी एक. प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते, धुरातही शिसे असते आणि पुंगळ्या उचलणाऱ्या बोटांवर तर असतेच. स्पर्धा संपल्यावर साबणाने आणि थंड पाण्याने हात-तोंड धुतल्याशिवाय काही खाऊ नका. आमच्याकडे एक मराठी कुटुंब डब्यात वडे घेऊन येते. मोह आवरून आधी नळापाशी जावे लागते, आणि रेंजचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुवायचे नसतात, हे घरी दोनदा ऐकून झाले आहे.

बालेवाडी १०मी

मी माझा मूळ आक्षेप अर्धा मागे घेते. ‘एक थर फाटला की थांबवतो’ हे पटले. आमच्याकडेही नळी कायम लक्ष्याच्या दिशेने आणि चेंबरमध्ये सुरक्षा-झेंडी असतेच. फक्त आम्ही हलत नाही, म्हणून त्या नियमाची परीक्षा क्वचितच होते. उरलेला अर्धा आक्षेप धुराचा आणि गोंगाटाचा आहे, तो माझ्यापाशीच राहू द्या.

भारतातल्या वाचकांसाठी दोन वाक्ये. इथे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापात) मोडते, त्यामुळे वरचे वाचून कोणी दुकान शोधायला निघू नये. ज्यांना नेमबाजी शिकायची आहे त्यांनी जवळच्या जिल्हा संघटनेत एअर पिस्तूल किंवा एअर रायफलपासून सुरुवात करावी. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ सालची, आणि लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर तिचे संस्थापक-अध्यक्ष. राष्ट्रीय स्पर्धेआधीची मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाने होते. पॅरिसमध्ये २०२४ साली पदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे हा याच वाटेवरचा.

टायमरवाली

भारताचा विषय आला म्हणून एक कळकळीची सूचना, कारण ही चूक मी जवळून पाहिली आहे. रेंजची पिशवी प्रवासाला नेऊ नका. भारताला जाताना हाताशी आली म्हणून तीच पाठपिशवी भरली जाते, आणि तळाशी अस्तराच्या शिवणीत एखादे जिवंत काडतूस राहिलेले असते. भारतातल्या विमानतळावर ते सापडले तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. ताबा जाणीवपूर्वक नव्हता, हा मुद्दा तिथली न्यायालये विचारात घेतात हे खरे, पण तिथवर पोहोचेपर्यंत विमान, रजा आणि लग्नाचा मुहूर्त सारेच गेलेले असते. ओळखीच्या एका कुटुंबाचा भाचा असाच चार दिवस अडकला होता. अमेरिकेतल्या अमेरिकेत स्पर्धेला विमानाने जायचे असेल तर पिस्तूल रिकामे, कुलूपबंद टणक पेटीत, काउंटरवर जाहीर करून, फक्त चेक-इन सामानात. केबिनमधल्या पिशवीत एक काडतूससुद्धा नको.

रविवारचा नेमबाज

वरचा प्रतिसाद वाचून आत्ता उठलो आणि माझी पिशवी गॅरेजमध्ये उलटी केली. चिकटपट्ट्यांचे दोन गठ्ठे, एक पेन्सिल, चार रिकाम्या पुंगळ्या, आणि बाजूच्या कप्प्याच्या कोपऱ्यात एक जिवंत काडतूस. डिसेंबरात मुंबईला जायचे आहे. या पिशवीवर आता लाल चिकटपट्टी लावली आहे आणि ती गॅरेजबाहेर जाणार ती फक्त रेंजवर.

जर्सीकर

कायद्याची माहिती दिल्याबद्दल मनापासून आभार. सहकाऱ्याला आज नम्रपणे नकार कळवला आणि ‘पाहायला येतो’ असे सांगितले. धागाकर्त्यांना शेवटचा प्रश्न: ती डावीकडची धाव आता कशी सुधारणार?

रविवारचा नेमबाज

घरीच, गोळीशिवाय. सरावाच्या खोलीत एकही काडतूस ठेवायचे नाही, ते सगळे दुसऱ्या खोलीत कुलपात. पिस्तूल आणि मॅगझिने दोनदा तपासायची, आणि नळी नेहमी विटांच्या बाहेरच्या भिंतीकडे. त्या भिंतीवर छातीच्या उंचीवर एक पिवळी चिकटपट्टी लावली आहे, तिला मी बांध समजतो. उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्याकडे चालत जायचे, मॅगझिन बदलायचे आणि त्या पूर्ण वेळात नळी पिवळ्या पट्टीवरून हलू द्यायची नाही. त्यासाठी शरीर डावीकडे वळले तरी उजवे कोपर बरगडीपासून दूर, बांधाच्या दिशेने काढावे लागते. हे फार अवघडल्यासारखे वाटते. दुसरा उपाय अधिक सोपा आहे: पहिले पाऊल टाकण्याआधीच मॅगझिन बदलून घ्यायचे आणि मग धावायचे. त्यात सेकंदभर जास्त जातो. पुढच्या महिन्यात मी तो सेकंद देणार आहे.

मुलगी फोनवर चित्रीकरण करते आणि नळी पट्टीवरून घसरली की ‘स्टॉप’ ओरडते. काल तिने मला वीस फेऱ्यांत सहा वेळा बाद केले.